बाराव्या स्लाइडवरची मगर

बी.एड.च्या त्या तुकडीत चार्ट कुणाचाही असो, त्यावरचे शीर्षक मालविका फणसेच्या हातचे असे. पाठाच्या आदल्या दिवशी मुली गुंडाळलेले कार्डशीट काखेत घेऊन तिच्या बाकाशी येत. "मालविकाबेन, एवढं 'पचनतंत्र' लिहून दे ना." मालविका आधी घड्याळाकडे बघे, मग पिशवीतून बोरू काढी. गुजराती असो की देवनागरी, तिच्या अक्षरांची उंची शेवटपर्यंत केसभरही बदलत नसे. पट्टी तिने कधी वापरली नाही.

हात घराण्यातून आला होता. तिचे पणजोबा बडोदे संस्थानच्या भूमापन खात्यात होते. नकाशांवर गावांची नावे लिहिणे एवढेच त्यांचे काम. शहराच्या वाडी भागातल्या त्यांच्या घरात तसा एक नकाशा अजून भिंतीवर होता, करजण तालुक्याचा. मालविकाचे वडील गणपतराव वीज मंडळाच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते त्या नकाशाकडे बोट दाखवून म्हणत, "आपल्या घरात अक्षर आहे. नोकऱ्या बाहेर वाटल्या."

मालविका तेव्हा चोवीस वर्षांची होती. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, मोजके बोलणारी, आणि आपण चांगली शिक्षिका होणार याबद्दल खात्री असलेली. ही खात्री २००६ च्या ऑगस्टपर्यंत टिकली.

ऑगस्टमध्ये मैत्रेयी कर्णिकचा पहिला पाठ झाला. मैत्रेयी छाणीहून स्कुटीवर येई. तिचा भाऊ इंद्रनील तिथे कॉम्प्युटर क्लास चालवत असे. त्याच्या क्लासातला लॅपटॉप आणि प्रोजेक्टर पायाशी ठेवून ती शाळेत आली. वर्गाच्या खिडक्यांना तिने चादरी बांधल्या आणि भिंतीवर माणसाचे हृदय सुरू केले. ते खरोखर धडधडत होते. निळे रक्त जात होते, लाल रक्त येत होते. आठवीची मुले एका आवाजात "ओहो" म्हणाली. मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेल्या मालविकाने त्या "ओहो"ची वेळ टिपून ठेवली: अकरा वाजून सात मिनिटे. का टिपली, ते तिलाही सांगता आले नसते.

त्यानंतर तिला मैत्रेयीचे सगळेच दिसू लागले. स्कुटी स्टँडला लावून चावी बोटावर फिरवण्याची लकब. डब्यातला ढोकळा अर्धा दुसऱ्यांना वाटून उरलेल्यावर खूश राहणे. गुजराती बोलताना कुठेही न अडखळणे. मालविका घरी मराठीतही फाटकाला गुजराती "झांपा" म्हणत असली, तरी वर्गात गुजराती बोलताना तिचे प्रत्येक वाक्य आधी मनात तयार होई. मैत्रेयी वाटेल तिथून सुरू करी आणि वाटेल तिथे हसे. तिची माणसे श्रीमंत असती तर बरे झाले असते. पैशाच्या नावावर मन मोकळे करता आले असते. पण कर्णिकांच्या घरी तसे काही नव्हते. भावाचा क्लास दोन खोल्यांचा, आणि प्रोजेक्टरसुद्धा जुना घेतलेला.

सगळ्यात खुपे ते मैत्रेयीचे अक्षर. फळ्यावर ती मुंग्यांची रांग मोडल्यासारखे लिही. आणि त्याचे तिला काहीच वाटत नसे.

नोव्हेंबरात या हेव्याला एक जागा मिळाली. जिथे पाठ चालत त्या ट्रस्टच्या खाजगी शाळेचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, फत्तेसिंहराव जगताप एके दिवशी कॉलेजच्या पद्मा शिर्के मॅडमकडे चहाला आले. शाळेतले विज्ञानाचे शिक्षक जूनमध्ये निवृत्त होणार होते. "तुमच्या दोन मराठी पोरी विज्ञानाच्या आहेत ना," ते म्हणाले, "त्यांचे शेवटचे पाठ मी स्वतः बघतो. त्यातली एक घेईन." मॅडमनी हे दोघींना एकत्र बोलावून सांगितले. मैत्रेयी म्हणाली, "वा, मग आपल्यातलीच कुणीतरी." मालविका "हो" म्हणाली. घरापासून चालत दहा मिनिटांवरची शाळा, आवडीचा विषय, आणि जूनपासून पगार. त्या दिवसापासून तिच्या वर्षाचा हिशेब एकाच ओळीचा झाला: ही जागा तिची की माझी.

जानेवारीत शिर्के मॅडमनी सगळ्या तुकडीला चार पानांचे चिंतन लिहायला दिले. विषय: वर्गातले तंत्रज्ञान आणि इंटरनेटवरची नीती. "इकडून तिकडून उतरवू नका," मॅडम म्हणाल्या. "उद्या वर्गात मुलं हेच करतील, तेव्हा कुठल्या तोंडाने रागावणार? स्वतःचं लिहा. वाचन सगळ्यांसमोर होईल, जगताप साहेबही येतील." मालविकाने पहिली दोन पाने एका बैठकीत लिहिली. यंत्राने शिक्षकाची जागा घेऊ नये, वगैरे. हे तिला मनापासून वाटत होते आणि ते कुणासाठी लिहिले आहे हेही तिला माहीत होते. तिसऱ्या पानावर तिने एक वाक्य लिहिले जे तिला स्वतःलाच आवडले: "दुसऱ्याचा मेल हे दुसऱ्याचे घर आहे, दार उघडे राहिले म्हणून आत जाता येत नाही."

चौथ्या पानासाठी माहिती हवी होती म्हणून ती कॉलेजच्या संगणक खोलीत गेली.

तिथे बारा संगणक होते, त्यातले आठ चालत. अर्ध्या तासाची पाळी असे. मालविकाला सात नंबर मिळाला. तिच्या आधी तिथे मैत्रेयी बसली होती आणि पळतच पाठाला गेली होती. पडदा उजळला तशी तिची मेलपेटी समोर आली. ती बंद करायची राहून गेली होती.

मालविकाने माउसवर हात ठेवला तो बंद करण्यासाठीच. तेवढ्यात वरून दुसऱ्या ओळीतले शब्द दिसले: "सरिसृप – शेवटचा पाठ". सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा, मैत्रेयीने स्वतःलाच पाठवलेला मेल. लॅपटॉप दुरुस्तीला गेलाय, आता माझी मगर फक्त मेलमध्येच आहे, असे ती कालच डबा खाताना सगळ्यांना सांगत होती.

मालविकाने फाईल उघडली. बावीस स्लाइड्स. विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर, तिची पावले, तिची अंडी, खवल्यांचा जवळून काढलेला फोटो. एक स्लाइड नुसती पाण्याची; त्यावर क्लिक केले की दोन डोळे वर येत. मालविकाने ती तीनदा पाहिली. असे कसे करतात, हे तिला घरी निवांत बघायचे होते. तिने तो मेल स्वतःच्या पत्त्यावर पुढे पाठवला. आतापर्यंत तिला आपण काही वाईट केले असे वाटले नव्हते. चांगला पाठ बघणे हा अभ्यासच.

मग खालचा मेल दिसला. पुण्याच्या सानवी नावाच्या आतेबहिणीचे उत्तर, आणि त्याखाली मैत्रेयीचे मूळ पत्र, रोमन लिपीतल्या मराठीत. आपले नाव त्यात असणार याबद्दल मालविकाला शंकाच नव्हती. तिने भरभर वाचत नाव शोधले. नाव नव्हते. एक ओळ होती: "वर्गात एक मुलगी आहे, चार्ट इतके सुंदर काढते की मुलं चार्टकडेच बघत बसतात, तिच्याकडे नाही."

एक मुलगी.

पाच महिने मालविका जिच्या डब्यातला ढोकळासुद्धा मोजत होती, तिच्या लेखी ती "एक मुलगी" होती. तिने मागे वळून पाहिले. खोलीत दोघेजण होते, दोघे आपापल्या पडद्यात. तिने मगरीचा मेल निवडला आणि काढून टाकला. मग कचऱ्याच्या डब्यात जाऊन तिथूनही काढला. मग पेटी नीट बंद केली, कारण उघडी पेटी ठेवणे बरोबर नाही. खोलीच्या नोंदवहीत सात नंबरसमोर सही केली. सही नेहमीसारखीच सुरेख आली.

मैत्रेयीचा शेवटचा पाठ गुरुवारी होता. सातवीची मुले शाळेच्या संगणक खोलीत खाली सतरंजीवर बसली होती. मागे खुर्च्यांवर जगताप साहेब, शिर्के मॅडम, आणि निरीक्षण वही घेऊन मालविका. मैत्रेयीने मेल उघडला. वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. मालविका तिच्या पाठीकडे बघत होती; त्या पाठीत काहीतरी आखडलेले तिला दिसले आणि बरे वाटले.

एक मिनिट गेले असेल. मैत्रेयीने प्रोजेक्टर बंद केला, खिडकीवरची चादर स्वतः ओढून काढली आणि गुजरातीत म्हणाली, "आज मी मगर घेऊन येणार होते. ती वाटेत निसटली." मुले हसली. "हरकत नाही. तुमच्यापैकी खरी मगर कुणी पाहिलीये?"

दीड वर्षापूर्वीच्या पुरात विश्वामित्री अर्ध्या बडोद्यात शिरली होती आणि मगरीही तिच्यासोबत. एकदम पंधरा-वीस हात वर झाले. एक मुलगा हात वर करायचे विसरून ओरडला, "बेन, अमारा झांपा सुधी आवेली!" फाटकापर्यंत मगर आली, हे ऐकून बाकीच्यांनी माना वळवल्या. वनखात्याच्या लोकांनी दोरीने कशी बांधली, ते त्याने दोन्ही हात पसरून सांगितले. अंग कसं होतं, ओलं की कोरडं? कोरडं, बेन, फरशीसारखं. मैत्रेयीने फळ्यावर लिहिले: खवले. एका मुलीने काकाबरोबर पुलावरून पाहिलेली, तोंड उघडे ठेवून पडलेली. का बरं उघडं? माशा खायला, कुणी म्हणाले. दात वाळवायला, दुसरा म्हणाला. मैत्रेयी हसली नाही; तिने त्यांना उन्हात तापलेल्या पत्र्याबद्दल विचारले, सावलीतल्या दगडाबद्दल विचारले, आणि थंड रक्ताचा प्राणी म्हणजे काय ते त्यांच्याच तोंडून काढले. चाळीस मिनिटांत सरपटणाऱ्या प्राण्यांची चारही लक्षणे फळ्यावर होती. प्रत्येकासमोर एका मुलाचे नाव. अक्षर भयंकर होते.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा एकही मूल उठले नाही.

मालविकाने वहीत "शैक्षणिक साधनांचा वापर" या रकान्यात लिहिले: "साधन उपलब्ध नव्हते. पूर्वतयारी अपुरी." पाठानंतर सगळ्यांसमोर टीका करायची पद्धत होती, तेव्हाही ती तेच बोलली. "तंत्रज्ञान वापरायचं तर दुसरी प्रत जवळ ठेवायला हवी. शिक्षकाने एकाच जागी विसंबू नये."

"बरोबर आहे," मैत्रेयी म्हणाली आणि वहीत लिहून घेतले.

"अहो पण मगर होती की वर्गात," जगताप साहेब म्हणाले. "मी तर पाय वर घेऊन बसलो होतो."

सगळे हसले. मालविकाही हसली. मैत्रेयीचे यंत्र काढून घेतले की खाली काहीच उरणार नाही, अशी तिची पाच महिन्यांची समजूत होती. आता तिच्याकडे तो आधारही नव्हता. आणि तो तिने स्वतःच्या हाताने काढून टाकला होता.

शनिवारी मालविकाचा पाठ झाला. विषय कानाची रचना. तिने चार फुटी चार्ट केला होता, तीन रात्री लावून. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीचे वळसे इतके बारीक की शिर्के मॅडम खुर्चीतून उठून बघायला आल्या. मुले शांत बसली. ती बोलत होती, मुले चार्टकडे बघत होती. कुणी काही विचारले नाही. मध्येच तिला रोमन लिपीतली ती ओळ आठवली आणि त्यानंतर ती वर्गाकडे तोंड करून उभी राहिली, हातवारे केले, प्रश्न विचारले. मुलांनी बरोबर उत्तरे दिली, चार्टवरून वाचून. "अक्षर म्हणजे अक्षर आहे," जगताप साहेब म्हणाले. आणखी काही म्हणाले नाहीत.

मैत्रेयीने निरीक्षण वहीत लिहिलेला शेरा मालविकाने जिन्यात उभे राहून वाचला: "चार्ट उत्कृष्ट. तो थोडा उशिरा उलगडला असता तर मुलांना आधी विचार करावा लागला असता." खाली मुंग्यांची सही. शेरा खरा होता, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

सायकल स्टँडवर मैत्रेयी स्कुटीला टेकून उभी होती. मालविकासाठीच.

"मगरीची फाईल सापडली गं," ती म्हणाली.

"हो? कुठे?"

"पाठवलेल्या मेलच्या कप्प्यात. तुझ्या पत्त्यावर गेली होती."

मालविकाच्या हातात चार्टची गुंडाळी होती. ती तिने दुसऱ्या हातात घेतली. पाठवलेल्या मेलचा वेगळा कप्पा असतो, हे तिला माहीत होते. तिथे बघायला हवे, हे सुचले नव्हते. ती आयुष्यात कधी कुणाच्या घरात चोरून शिरली नव्हती, त्यामुळे पायांचे ठसे पुसायची सवय नव्हती.

"कधी कळलं?" तिने विचारले.

"गुरुवारी संध्याकाळीच." मैत्रेयीने चावी बोटावर फिरवली. "आवडली का?"

"बाराव्या स्लाइडवर मगर नाहीये," मालविका म्हणाली. हे बोलायचे तिने ठरवले नव्हते. "ॲलिगेटर आहे. आपल्या मगरीचं तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेर दिसतो. तिथे दिसत नाही."

मैत्रेयीने फिरती चावी थांबवली. "मग हे टीकेत सांगायचं होतंस ना!"

"फाईल पाहिली नसताना कसं सांगणार?"

यावर मैत्रेयीला हसू फुटले. मालविकाला वाटले होते ती ओरडेल, रडेल, मॅडमकडे जाईल. हसण्याची तयारी तिने केली नव्हती.

"मॅडमना सांगितलंस?"

"नाही. नाही सांगणार." मैत्रेयीने स्कुटी सुरू केली. "झालं ते झालं. पाठ तर बरा झाला ना माझा?"

ती छाणीच्या दिशेने निघून गेली. मालविका वाडीत चालत आली. जेवताना गणपतरावांनी विचारले, "काय, साहेबांना आवडलं का अक्षर?" ती म्हणाली, "अक्षरच आवडलं." ते नकाशाखाली पान खात बसले.

मालविकाला पश्चात्ताप झाला होता का? थोडा. त्याहून जास्त काहीतरी झाले होते आणि ते ओळखायला तिला दोन दिवस लागले. मैत्रेयीने गप्प राहायचे ठरवले होते. पाठ तिचा चांगला, फाईल तिची चांगली, आणि आता मोठेपणही तिचेच. नोकरी कुणालाही मिळो, जन्मभर मालविका ही तिने माफ केलेली मुलगी राहणार होती. बाकी सगळ्यावर तिचा काही इलाज नव्हता. या एका गोष्टीवर होता.

वाचनाच्या दिवशी जगताप साहेब पहिल्या रांगेत बसले. मालविकाने पहिली दोन पाने वाचली. तिसऱ्या पानावरचे घराचे आणि दाराचे वाक्य वाचले. शिर्के मॅडमनी मान डोलावली. मग तिने चौथे पान वाचले. त्यात माहिती नव्हती. "हे वाक्य मी लिहिले त्याच्या दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या संगणकावर मैत्रेयी कर्णिक यांची मेलपेटी उघडी होती. मी त्यांची पत्रे वाचली. त्यांचा पाठ स्वतःला पाठवला आणि त्यांच्याकडचा पुसून टाकला. गुरुवारी त्यांच्याजवळ साधन नव्हते, ते या कारणाने. मी निरीक्षण वहीत 'पूर्वतयारी अपुरी' असा शेरा लिहिला आहे. तो मी मागे घेते. मुलांना इंटरनेटवरची नीती शिकवताना आपण चोर बाहेरून येतो असे सांगतो. तो बहुतेक ओळखीचा असतो आणि शेजारच्या बाकावर बसतो."

मालविकाने जगताप साहेबांकडे किंवा मॅडमकडे पाहिले नाही. तिने मैत्रेयीकडे पाहिले. मैत्रेयीच्या कपाळावर आठी होती. वर्षभरात पहिल्यांदा ती नाराज दिसत होती. आपल्याजवळची एखादी वस्तू न विचारता उचलून नेल्यासारखी. मालविकाला त्या क्षणी फार बरे वाटले. ते बरे वाटणे बराच वेळ टिकले, जवळजवळ संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी जगताप साहेबांनी तिला बाहेर थांबवले. "जागा कर्णिकला देतोय."

"आज वाचलं त्यामुळे ना, साहेब?" तिने विचारले. ते हो म्हणतील अशी तिची अपेक्षा होती. तसे झाले असते तर निदान खरे बोलल्याची किंमत मोजली, असे म्हणता आले असते.

"नाही बेटा," ते म्हणाले. "त्या मगरीच्या तासालाच ठरलं होतं."

जूनमध्ये मालविकाला करजणच्या एका शाळेत नोकरी मिळाली. पणजोबांनी ज्या तालुक्याची गावे लिहिली, तिथे ती सकाळच्या बसने जाऊ लागली. दुसऱ्या वर्षी शाळेत दहा संगणक आले आणि ते तिच्याकडे दिले गेले. भिंतीवर नियमांचा फलक तिने स्वतः लिहिला. तास संपला की ती प्रत्येक मुलाच्या मागे जाऊन उभी राही. "पेटी बंद केलीस? दाखव." उघडी राहिलेली पेटी दिसली की ती स्वतः हात लावत नसे, मुलाला हाक मारून त्याच्याच हाताने बंद करवी. मुले तिला कडक म्हणत. चार्टही ती काढी, पण तास अर्धा झाल्याशिवाय तो उलगडत नसे. हे कुणाकडून शिकली, ते तिने कधी सांगितले नाही.

२००९ च्या पावसाळ्यानंतर तिला मैत्रेयीचा मेल आला. दोन वर्षांतला पहिलाच. मजकूर दोन ओळींचा: "बारावी स्लाइड बदलली. आता आपली मगर आहे. एकदा बघून घे ना, तुझ्याइतकं बारीक कुणी बघत नाही."

संगणक खोली रिकामी होती. मालविकाने फाईल उघडली आणि आधी बाराव्या स्लाइडवर गेली. तोंड मिटलेले, खालचा चौथा दात बाहेर. बरोबर होते. मग ती पहिल्या स्लाइडपासून बसली. प्रत्येक चित्र मोठे करून पाहिले, खवल्यांच्या रांगा मोजल्या, पावलांची बोटे मोजली, गुजराती मजकुरातला प्रत्येक काना-मात्रा तपासला. परतीची बस गेली ती तिला कळली नाही.

एकही चूक सापडली नाही. तिने उत्तरात तेवढेच लिहिले, आणि पाठवण्याआधी बावीसच्या बावीस स्लाइड्स पुन्हा एकदा पाहिल्या.